साथीत डॉक्टरांच्या मनाचं काय होतं? मुंबईचा प्लेग, टोरंटोचा सार्स आणि कोविड



साथींच्या इतिहासाबद्दल आपण बोलतो तेव्हा तीन गोष्टी हमखास येतात. किती माणसं गेली, जंतू कोणी शोधला आणि लस कधी आली. आज आपण चौथ्या गोष्टीबद्दल बोलणार आहोत. साथीत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या मनाचं काय होतं? आणि ते मन मोडतं, तेव्हा ते नेमकं कशामुळे मोडतं? रोगाची भीती, कामाचा ताण, रोज डोळ्यांसमोर होणारे मृत्यू, ही उत्तरं आपल्याला लगेच सुचतात. ती चुकीची नाहीत. पण गेल्या सव्वाशे वर्षांतल्या घटना शेजारी शेजारी ठेवल्या, तर आणखी एक उत्तर पुन्हा पुन्हा समोर येतं. त्या उत्तरापर्यंत जाताना आपण तीन मुक्काम करू: १८९६ नंतरची मुंबई, २००३ सालचं टोरंटो आणि २०२०-२१ मधली कोविडची साथ.

पहिला मुक्काम मुंबई. सप्टेंबर १८९६. बंदराजवळच्या मांडवी भागात, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत, माणसं तापाने फणफणून मरू लागली. जांघेत, काखेत गाठी येत होत्या. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हे रुग्ण तपासले आणि निदान केलं: हा प्लेग आहे. आज धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. पण निदान केलं त्या दिवसांत त्यांचं म्हणणं कोणी आनंदाने ऐकून घेतलं नाही. कसं घेणार? मुंबई हे बंदर. इथे प्लेग आहे असं जगाला कळलं, की जहाजं अडणार, व्यापार बसणार. त्यामुळे 'प्लेग' हा शब्द उच्चारायलाच सुरुवातीला टाळाटाळ झाली. शेवटी इतर तज्ज्ञांनी तपासण्या करून व्हिएगस यांच्या निदानावर शिक्कामोर्तब केलं.

पुढच्याच महिन्यात दुसरी घटना घडली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी आर्थर रोड रुग्णालयावर सुमारे हजार गिरणी कामगार चाल करून गेले. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे लोकांना मुद्दाम मारतात, अशा अफवा गावभर होत्या. आता बघा, या कामगारांना नुसतं अडाणी म्हणून आपल्याला मोकळं होता येणार नाही. घरात घुसून झडत्या घेणारं, आजारी माणसाला घरच्यांपासून ओढून नेणारं सरकार त्यांनी पाहिलं होतं. लोकांचा राग सत्तेवर होता, पण सत्ता काही हाताशी सापडत नव्हती. सापडत होता तो रुग्णालयातला डॉक्टर आणि वॉर्डबॉय. हा धागा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

ऑक्टोबरमध्येच सरकारने जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांना मुंबईला बोलावून घेतलं. कॉलऱ्याच्या लशीमुळे त्यांचं नाव झालेलं होतं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना प्रयोगशाळेसाठी थोडीशी जागा मिळाली. तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ही गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. पण हाफकिन यांच्या चरित्रकथांमध्ये याच तीन महिन्यांबद्दल आणखी एक वाक्य येतं, अनेकदा तर कंसात येतं. त्यांच्या एका सहायकाचं मानसिक स्वास्थ्य ढासळलं आणि दोघे काम सोडून गेले.

बस्स, एवढंच. लस तयार झाल्याचा आनंद पुढच्या वाक्यात सुरू होतो. तो सहायक कोण होता, पुढे बरा झाला का, त्याला कोणी विचारलं का, याला कथेत जागा नाही. साथींच्या इतिहासात डॉक्टरांचं मन हे असं कंसात राहिलं आहे.

याच साथीत पुण्याजवळ, हडपसरच्या ससाणे मळ्यात, डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तिथे रुग्णांची शुश्रूषा करत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सावित्रीबाईंचा त्याग आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत आणि तो ऐकायलाच हवा. पण त्या मळ्यात त्यांचा मुलगा डॉक्टर म्हणून उभा होता. आपण उघडलेल्या दवाखान्यात आपल्याच आईला लागण व्हावी आणि ती आपल्यासमोर जावी, हे ओझं केवढं असेल? आपली पाठ्यपुस्तकं तारीख सांगून पुढे जातात.

आता हाफकिन यांच्याकडे परत येऊ, कारण त्यांच्या कहाणीचा उत्तरार्ध आपल्या विषयाच्या गाभ्याशी जातो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचण्यात आली. त्या दिवशी शंभराहून अधिक लोकांनी लस घेतली. त्यातल्या एका विशिष्ट बाटलीतली लस मिळालेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मरण पावले. बाटली मुंबईत हाफकिन यांच्या प्रयोगशाळेत भरलेली होती. चौकशी समितीने बोट प्रयोगशाळेकडे दाखवलं आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावं लागलं. खरं तर गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मलेरियाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी हा विषय लावून धरला. जुलै १९०७ मध्ये त्यांनी आणि इतर शास्त्रज्ञांनी 'टाइम्स'मध्ये पत्र लिहिलं. त्यानंतर हाफकिन दोषमुक्त ठरले.

म्हणजे पाच वर्षं. १९ माणसांच्या मृत्यूचा ठपका डोक्यावर घेऊन, आपल्या हातून ते घडलं नाही हे माहीत असताना, पाच वर्षं. बरं, दोषमुक्त झाल्यावर तरी काय झालं? ते भारतात परतले, पण मुंबईच्या प्रयोगशाळेचं प्रमुखपद त्यांना परत मिळालं नाही. त्यांना कलकत्त्यात काम देण्यात आलं आणि माणसांवर लशीच्या चाचण्या घेण्याची मुभा राहिली नाही. पहिलं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपात गेले आणि १९३० साली स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे वारले. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. तीच आपली हाफकिन संस्था. संस्थेला माणसाचं नाव मिळालं, पण माणसाला त्याची जागा मिळाली नाही.

या माणसाने स्वतःच्या शरीरात प्लेगची लस टोचून घेतली होती. रोगाला तो घाबरणारा नव्हता. त्याची उमेद गेली ती आपल्याच यंत्रणेने हात झटकल्यावर.

याला पुढे एक नाव मिळालं. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९० च्या दशकात ते रूढ केलं. मराठीत आपण त्याला 'नैतिक जखम' म्हणू. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: प्राण पणाला लागलेले असताना, ज्याच्यावर भरवसा ठेवायचा त्या अधिकाराच्या माणसाने किंवा संस्थेनेच योग्य-अयोग्याचं भान सोडलं, तर होणारी जखम भीतीमुळे होणाऱ्या जखमेपेक्षा वेगळी असते. भीती धोका टळल्यावर ओसरू शकते. विश्वासघात मात्र माणूस घरी घेऊन जातो.

पण मंडळी, कुणी म्हणेल, ही एकेकट्या माणसांची उदाहरणं झाली. याचं मोजमाप काय? रास्त प्रश्न आहे. त्यासाठी आपल्याला शंभर वर्षं पुढे आणि थेट कॅनडात जावं लागेल, कारण साथीत काम करणाऱ्यांच्या मनाची पद्धतशीर मोजणी ज्या मोजक्या ठिकाणी झाली, त्यात टोरंटो अग्रभागी आहे.

२००३ साली सार्सची साथ आली. जगभरात ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू, असे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत. कोविडपुढे हे आकडे किरकोळ वाटतील. पण या रुग्णांमधले १,७०६ जण, म्हणजे पाचातला एक, आरोग्य कर्मचारी होते. सार्स हा मुख्यतः रुग्णालयांत पसरलेला रोग होता. आशियाबाहेर सगळ्यात मोठा फटका टोरंटोला बसला. कॅनडात ४४ माणसं गेली, त्यात दोन परिचारिका आणि एक डॉक्टर होते. कर्मचाऱ्यांना 'कामापुरतं विलगीकरण' होतं, म्हणजे घरातून थेट रुग्णालय आणि रुग्णालयातून थेट घर. घरातही मास्क, वेगळी खोली, मुलांना जवळ घ्यायचं नाही. मे महिन्यात साथ संपली असं समजून काळजीचे नियम सैल झाले आणि त्यानंतर नॉर्थ यॉर्क जनरल रुग्णालयात दुसरी लाट उसळली. न्यायमूर्ती आर्ची कॅम्बेल यांच्या चौकशी आयोगाने पुढे नोंदवलं, की तिथल्या परिचारिकांना आधीच शंका आली होती. त्यांनी ती बोलूनही दाखवली होती. पण त्यांचं ऐकलं गेलं नाही. इथे आपल्याला मांडवीचे व्हिएगस आठवतात.

आता मोजणी. टोरंटोतले मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट माँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साथ संपल्यावर १३ ते २६ महिन्यांनी ७६९ आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. काही जण सार्सचे रुग्ण हाताळलेल्या टोरंटोच्या रुग्णालयांतले, तर काही जवळच्याच हॅमिल्टन शहरातले, जिथे सार्सचे रुग्ण नव्हते. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात काय दिसलं? बर्नआउट, म्हणजे कामाने आतून विझून जाणं, टोरंटोत ३०.४ टक्के लोकांत होतं आणि हॅमिल्टनमध्ये १९.२ टक्के लोकांत. मानसिक त्रासाचं प्रमाण टोरंटोत ४४.९ टक्के, हॅमिल्टनमध्ये ३०.२ टक्के. लक्षात घ्या, हे सगळं साथ आटोक्यात आल्यावर वर्ष-दोन वर्षांनी. तोवर वर्तमानपत्रांतून सार्स गेलेला होता. सार्स हाताळलेले अनेक कर्मचारी कामाचे तास कमी करत होते, रुग्णांशी थेट संबंध टाळू लागले होते, त्यांचं दारू-सिगारेटचं प्रमाण वाढलं होतं.

पण आपल्यासाठी सगळ्यात मोलाचा निष्कर्ष वेगळाच आहे. 'आपल्याला पुरेसं प्रशिक्षण मिळालं, संरक्षण मिळालं आणि संस्थेने आपल्याला आधार दिला' असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्या मनावर या साथीचा दूरगामी परिणाम कमी झाला होता. म्हणजे हाफकिन यांच्या आयुष्यावरून आपण जो अंदाज बांधला, त्याला इथे आकड्यांचा आधार मिळाला. डॉक्टर किती खंबीर आहे, एवढ्यावर भागत नाही. त्याच्या पाठीशी कोण उभं आहे, त्यावर बरंच काही ठरतं.

हे ज्ञान २००६ साली हातात होतं. आणि मग कोविड आला. हा आपला तिसरा मुक्काम.

सुरुवात वुहानमधून. ली वेनलियांग हे नेत्रतज्ज्ञ. साथरोगाशी त्यांचा तसा संबंध नव्हता. ३० डिसेंबर २०१९ रोजी त्यांनी आपल्या डॉक्टर मित्रांना सार्ससारख्या आजाराबद्दल सावध केलं. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना बोलावून 'अफवा पसरवू नका' अशी लेखी समज दिली. ७ फेब्रुवारी २०२० रोजी ते कोविडनेच गेले. मार्चमध्ये ती समज मागे घेण्यात आली. व्हिएगस, टोरंटोच्या परिचारिका, ली. शहर आणि काळ वेगळा, पण ज्याला पहिल्यांदा दिसलं त्याचं ऐकून घ्यायचं नाही, ही रीत तीच.

चीनमधल्याच ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ कर्मचाऱ्यांचा अभ्यास जानेवारीच्या अखेरीस सुरू झाला आणि मार्चमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या लोकांत नैराश्याची लक्षणं होती आणि ७१.५ टक्के लोकांनी मानसिक त्रास नोंदवला होता. अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाच्या प्रमुख डॉ. लोर्ना ब्रीन यांना स्वतःला कोविड झाला, त्यातून उठून त्या पुन्हा कामावर गेल्या आणि २६ एप्रिल २०२० रोजी त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यांच्या घरच्यांनी नंतर एक गोष्ट जाहीरपणे सांगितली. मानसिक उपचार घेतल्याचं कळलं तर आपला वैद्यकीय परवाना जाईल, अशी धास्ती त्यांना होती. रुग्णाला 'वेळेत डॉक्टरकडे जा' असं सांगणाऱ्या माणसालाच डॉक्टरकडे जायची चोरी! मार्च २०२२ मध्ये त्यांच्या नावाने अमेरिकेत कायदा झाला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याच्या कामाला सरकारी निधी मिळू लागला.

आता आपल्याकडे येऊ. २२ मार्च २०२० ला आपण थाळ्या वाजवल्या. ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुलं पडली. डॉक्टरांना आपण 'देवदूत' म्हणू लागलो. आणि याच दोन तारखांच्या मध्ये, एप्रिलमध्ये, चेन्नईचे मेंदूशल्यविशारद डॉ. सायमन हर्क्युलस कोविडने गेले. त्यांचं दफन करायला गेलेल्या लोकांवर जमावाने दगडफेक केली. शेवटी रात्रीच्या अंधारात, दुसऱ्या दफनभूमीत, त्यांच्या एका ऑर्थोपेडिक सर्जन सहकाऱ्याने स्वतःच्या हातांनी माती लोटून त्यांना निरोप दिला. त्या काळात अनेक शहरांत भाड्याने राहणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना खोल्या सोडायला सांगितलं जात होतं. थाळी वाजवणारी आणि दार लावून घेणारी माणसं एकाच गल्लीत राहत होती.

२२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. हा कायदा कोणता? तोच, फेब्रुवारी १८९७ चा, मुंबईच्या प्लेगमुळे घाईघाईने केलेला. मूळ कायद्यात अधिकाऱ्यांना एक संरक्षण होतं: सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल त्यांच्यावर दावा करता येणार नाही. रुग्णालयात काम करणाऱ्या माणसावर हल्ला झाला तर काय, हे त्यात नव्हतं, आणि तेही आर्थर रोडची घटना जेमतेम तीन महिन्यांपूर्वीची असताना. ते यायला १२३ वर्षं लागली. दुरुस्तीत हल्ल्याला गंभीर इजा असेल तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि राहत्या जागी होणारा छळही हिंसेच्या व्याख्येत धरला आहे. ही चांगली गोष्ट झाली. आणि योगायोग बघा, ते आर्थर रोड रुग्णालय म्हणजे आजचं कस्तुरबा रुग्णालय. मुंबईतले कोविडचे पहिले रुग्ण तिथेच ठेवले गेले. इमारत तीच, कायदा तोच. शरीरावरच्या हल्ल्याची कायद्याने आता दखल घेतली आहे, मनाची मात्र अजून नाही.

मनाला झालेल्या इजेचं काय, हे २०२१ च्या दुसऱ्या लाटेने दाखवलं. खाटा नाहीत, ऑक्सिजन नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि दाब कमी होऊन किमान २२ रुग्ण दगावले. अशा वेळी वॉर्डातल्या डॉक्टरला औषध माहीत असतं, मात्रा माहीत असते, हातही सरावाचे असतात. नसतो तो पाइपमधला ऑक्सिजन. आणि नातेवाइकांसमोर उभा राहतो तो तोच डॉक्टर. दोन रुग्ण आणि एक व्हेंटिलेटर, ही निवड त्याने घडवलेली नसते, पण करावी त्यालाच लागते. नैतिक जखम म्हणतात ती हीच.

आणखी एक गोष्ट, जी बातम्यांत फारशी ठसली नाही. आपल्या सरकारी रुग्णालयांचा गाडा निवासी डॉक्टर ओढतात, म्हणजे तज्ज्ञ होण्यासाठी शिकत असलेले तरुण डॉक्टर. १८ एप्रिल २०२१ ची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा लाटेमुळे पुढे ढकलली गेली, ती ११ सप्टेंबरला झाली आणि प्रवेशफेऱ्या जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाल्या. परिणाम काय? निवासी डॉक्टरांची एक अख्खी तुकडी कित्येक महिने आलीच नाही. आधीच दोन लाटा अंगावर घेतलेल्या वरच्या वर्षांच्या मुलामुलींनी पहिल्या वर्षाचंही काम ओढलं. शेवटी डिसेंबरमध्ये ते रस्त्यावर उतरले, तेव्हा काहींना ते 'देवदूतांना न शोभणारं' वाटलं.

देवदूत या शब्दाची अडचण हीच आहे. देवदूताला झोप लागत नाही, भूक लागत नाही, त्याला रजा नको असते आणि तो रडत नाही. एखाद्याला देवदूत म्हटलं, की त्याला काय हवं ते विचारायची जबाबदारी आपल्यावरून उतरते. टोरंटोचा अभ्यास सांगतो की डॉक्टरला टाळ्यांपेक्षा मास्क, प्रशिक्षण आणि खरी माहिती लागते. हाफकिन यांचं आयुष्य सांगतं की काही बिनसलं तर निःपक्षपाती आणि वेळेत होणारी चौकशी लागते. लोर्ना ब्रीन यांचा मृत्यू सांगतो की मदत मागितली तर परवाना जाणार नाही, ही खात्री लागते. आणि या सगळ्याची मुदत साथीबरोबर संपत नाही. टोरंटोत दोन वर्षांनीही माणसं सावरत होती. कोविडच्या दोन लाटांमध्ये आपल्याकडे जे तरुण डॉक्टर घडले, ते आज तज्ज्ञ म्हणून आपल्याला तपासत आहेत. त्यांच्यातल्या कितीजणांना 'तुझं कसं चाललंय?' असं त्यांच्या संस्थेने विचारलं असेल?

ऐकणाऱ्यांपैकी कोणी स्वतः या व्यवसायात असेल आणि मनावरचं ओझं पेलवत नसेल, तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो डॉक्टरांसाठीही आहे, हे मुद्दाम सांगायला हवं.

पुढची साथ येईल तेव्हा लस किती दिवसांत तयार झाली, हे आपण नक्की लिहून ठेवू. ती तयार करताना आणि टोचताना कोण कोसळलं, हेही त्याच पानावर, कंसाबाहेर, नावानिशी लिहायची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या त्या सहायकाचं आपण तेवढं तरी देणं लागतो.